सौंदाळ्याचा ठराव : कर्ता कोण?

नेवासे तालुक्यातील सौंदाळा या गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये केलेल्या ठरावांपैकी शिवीगाळीस ५०० रुपये दंड सांगणारा ठराव सर्वत्र गाजला. ज्या तालुक्यात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेथेच वाणीच्या शुचितेचा असा आग्रह धरला जावा, याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. शालेय विद्यार्थ्यांनी सायंकाळी ७ ते ९ या वेळात मोबाईल वापरू नये, असेही त्याच सभेने ठरविले. हा दुसरा ठराव तुलनेने उपेक्षित राहिला. भाषेच्या अभ्यासकाने मात्र तोच अधिक बारकाईने पाहावयास हवा.

दोन्ही ठराव निषेधाचे असले, तरी त्यांचे व्याकरण एक नाही. शिवीबंदी हा संकल्प आहे. ठरविणारे आणि बांधले जाणारे तेथे एकच असल्यामुळे वाक्याचा आशय ‘आम्ही शिवी देणार नाही’ असा प्रथमपुरुषी होतो. मोबाईलबंदी ही आज्ञा आहे : ‘त्यांनी वापरू नये.’ ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा. तेव्हा ज्यांच्याविषयी हा ठराव झाला, त्यांना त्या सभेत मत असण्याचा प्रश्नच नव्हता. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा प्रघात सुरू झाला. तेथे थोरांनीही स्वतःला त्यात गोवून घेतले होते. भेद आहे तो येथे.

‘वापरणे’ हे क्रियापदही फार सैल आहे. मुलगा ‘मोबाईल बघतो’, ‘मोबाईल खेळतो’ असे आपण सर्रास म्हणतो आणि साधनाच्या नावाखाली क्रिया झाकून टाकतो. २०२० च्या महामारीत तेच यंत्र शाळा म्हणून मुलांच्या हाती दिले गेले. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेली क्यूआर चिन्हेही मोबाईलवाचून मुकीच राहतात. फ्रान्सच्या २०१८ च्या कायद्याने शाळेत मोबाईलला मनाई करताना अध्यापनार्थ वापराचा अपवाद शब्दांत नोंदविला. उद्देशाचा असा निर्देश केल्यावाचून गृहपाठ आणि करमणूक या दोहोंना एकच नियम लागू होतो.

तथापि ठरावकर्त्यांना एक श्रेय दिलेच पाहिजे. विद्यार्थ्याचा दिवस शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही, हे त्यांनी ओळखले. वर्गात गुरुजींची नजर असते. खरी ओढाताण दिवेलागणीनंतर, दप्तर उघडण्याच्या वेळी होते. परंतु त्या वेळी मुलाच्या हातातील यंत्र पुष्कळदा बापाचे किंवा आईचे असते. ते देणारा हाच येथील खरा कर्ता. ठरावाच्या वाक्यरचनेत मात्र त्याला स्थान नाही. ‘पालकांनी ७ ते ९ या वेळात आपला मोबाईल मुलांस देऊ नये व स्वतःही पाहू नये,’ अशी रचना केली असती, तर तो ठराव संमत करणाऱ्यांनाच प्रथम लागू झाला असता.