सरड्याची धाव टॉय फेअरपर्यंत

लहानपणी नगरच्या कापड बाजारातून आम्ही व्हिडिओ गेमची एक कॅसेट आणली होती. वर ठळक छापलेलं, ‘९९९९ इन १’. दिवाळीच्या सुट्टीत मी आणि मामेभाऊ वही घेऊन मोजायला बसलो. थोड्याच वेळात लक्षात आलं की तेच तेच खेळ फिरून येतायत. कधी नाव बदललेलं, कधी तोच खेळ दुसऱ्या लेव्हलपासून सुरू. आकडा यादीतल्या ओळींचा होता, खेळांचा नव्हता. रिसर्च मेथडॉलॉजीचा माझा पहिला तास तोच, असं आता वाटतं.

आज त्याच जातीचं पण मोठं उदाहरण घेऊ, कारण पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘दाव्यावर शंका घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं?’

२०१५ साली अमेरिकेत माइक केनेडी यांच्या चमूने ‘रेट्रो व्हीजीएस’ नावाचा नवा कन्सोल जाहीर केला. पूर्वीसारखे कार्ट्रिज घालून खेळायचं यंत्र. बाहेरच्या खोक्यासाठी जुन्या अटारी जॅग्वारचे साचे मिळवलेले. इंडिगोगोवर १९ लाख ५० हजार डॉलर मागितले, पण चालू प्रोटोटाइप दाखवता आला नाही आणि मोहीम फसली. मग डिसेंबर २०१५ मध्ये तोच प्रकल्प ‘कोलेको कॅमेलियन’ म्हणून परत आला. आता सोबत १९८२ च्या कोलेकोव्हिजनमुळे माहीत असलेलं नाव होतं. कॅमेलियन म्हणजे रंग बदलणारा सरडा, हे नाव त्यांनी स्वतःच निवडलं होतं बरं का!

फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या टॉय फेअरमध्ये कन्सोल चालताना दिसला. इथे आपल्यासारखा माणूस म्हणेल, ‘चला, मिळाला पुरावा.’ पण जुन्या कन्सोलच्या शौकिनांनी फोटो मोठे करून पाहिले. मागच्या बाजूची जोडणी निन्टेंडोच्या सुपर एनईएसच्या छोट्या आवृत्तीशी जुळत होती. म्हणजे खोकं जॅग्वारचं आणि आत चालतंय ते निन्टेंडोचं, असा संशय. त्यानंतर कंपनीने पारदर्शक खोक्यातल्या सर्किट बोर्डाचा फोटो टाकला. लोकांनी तोही ओळखला. तो संगणकात बसवायच्या जुन्या व्हिडिओ कॅप्चर कार्डासारखा हुबेहूब होता.

माझ्या मते कंपनीची खरी चूक आधीच झाली होती. ‘यंत्र तयार आहे का?’ या प्रश्नाला ती दर वेळी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत राहिली. खोकं कसं दिसेल, नाव कोणाचं आहे, पडद्यावर काय हलतंय, हे सगळं दाखवलं. आत आमचंच डिझाइन आहे, हे मात्र कुठेच दाखवलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडिटीचाच घोळ. मोजायचं एक आणि मोजलं भलतंच.

शंका घेणाऱ्यांचं काम मला आवडलं ते त्यांच्या पद्धतीमुळे. ‘हे लोक लबाड दिसतात’ हा शेरा झाला. ‘हा बोर्ड अमुक कार्डाचा आहे, दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा’ ही परीक्षा झाली. ती तुम्ही-आम्ही घरबसल्या करू शकतो, आणि चुकीची असेल तर कंपनी एका दुपारी खोडू शकते. शेवटी खुद्द कोलेकोनेच प्रोटोटाइप स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची मागणी केली. तो समोर आला नाही आणि मार्च २०१६ मध्ये कोलेकोने आपलं नाव काढून घेतलं.

योगायोग बघा, त्याच फेब्रुवारीत आपल्याकडे २५१ रुपयांचा ‘फ्रीडम २५१’ फोन गाजत होता. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यांवर ‘अ‍ॅडकॉम’ हे दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं निघालं. मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या यांनी जाहीर शंका घेतली. इंडियन सेल्युलर असोसिएशनने मात्र सरळ हिशेब मांडला. सुट्या भागांपासून कर आणि दुकानदाराच्या नफ्यापर्यंत धरलं तर असा फोन किमान ४,१०० रुपयांना पडेल. व्हाइटनरची बातमी चटपटीत होती, पण संशोधकाने वहीत उतरवून घ्यावा तो हा हिशेब.

उलट बाजूही बघा. २०१२ मध्ये ‘ऊया’ कन्सोलने किकस्टार्टरवर सुमारे ८५ लाख डॉलर जमवले. त्यावरही लोकांनी नाकं मुरडली होती, पण २०१३ मध्ये यंत्र खरंच घरोघर पोचलं. पुढे धंदा चालला नाही, ती गोष्ट वेगळी. म्हणजे ‘नवी कंपनी आहे, म्हणून खोटी’ ही शंका आळशी आहे. शंका घेताना एक वाक्य लिहायला शिका : ‘मला अमुक दाखवलं, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.’ ते वाक्य लिहिता येत नसेल, तर आपल्याकडे शंका नाही, नुसता राग आहे.

आता स्वतःबद्दल. गेल्या वर्षी आरएसीसमोर प्रगती अहवाल होता आणि माझं मॉडेल पूर्ण डेटावर चालत नव्हतं. निवडक ४० नोंदींवर मात्र झकास चालायचं. आलेख तयार होता, रंगही छान होते. रात्री दोनपर्यंत मी त्या स्लाइडकडे बघत बसलो होतो. ‘४० नोंदी’ हे शब्द बारीक टाइपात खाली टाकले असते, तर कदाचित कुणी विचारलंही नसतं. शेवटी ते शीर्षकातच टाकले. बोलणी बसली, सहा महिने मागे गेलो. पण त्या रात्री कळलं की खोक्यात दुसऱ्याचा बोर्ड घालायला माणूस मुळात लबाडच असावा लागतो असं नाही. समोर तारीख ठरलेली असली आणि हात रिकामे असले, तरी तेवढं पुरतं.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना आधी झाकण उघडायला सांगा. आणि सिनॉप्सिस लिहायला बसाल, तेव्हा आपल्याही खोक्याचं झाकण स्वतःच उघडून ठेवा.