मागे राहिलेला माणूस : चेकॉव्हची बाग आणि एलकुंचवारांचा वाडा

महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’चा विषय निघाला, की रशियन नाटककार अन्तोन चेकॉव्ह यांचे नाव हटकून घेतले जाते. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे १९३९ साली जन्मलेल्या आणि नागपुरात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या एलकुंचवारांनी विदर्भातील एका देशपांडे घराण्याची पडझड या नाटकात मांडली. विजया मेहता यांनी १९८५ मध्ये ते रंगभूमीवर आणले. ढासळणारे घर, ओसरलेले वैभव आणि पैशांची विवंचना एवढे साम्य दाखवून तुलना बहुधा तेथेच थांबते. खरे साम्य त्याहून खोल आहे आणि प्रत्येक कुटुंबाने त्याचा विचार करावा असे आहे.

चेकॉव्ह यांचा जन्म १८६० साली तागानरोग येथे झाला. आजोबा भूदास होते. पैसे भरून त्यांनी आपली सुटका करून घेतली होती. वडील किराणा दुकानदार, देवभीरू परंतु कठोर. चर्चच्या गायनवृंदात गाण्याची मुलांवर सक्ती असे. १८७६ मध्ये दिवाळे निघाले आणि वडील मॉस्कोला पळून गेले. राहते घर हातचे गेले. शिक्षण पुरे करण्यासाठी सोळा वर्षांचा अन्तोन शिकवण्या करीत एकटाच मागे राहिला. मागे राहणे म्हणजे काय, हे त्यांनी असे कोवळ्या वयात जाणले.

पुढे १८८४ मध्ये ते डॉक्टर झाले. बालपणीच्या सक्तीने त्यांची धर्मश्रद्धा उरली नाही. तरीही १८९४ च्या ‘विद्यार्थी’ या कथेत गुड फ्रायडेच्या थंड रात्री शेकोटीपाशी पेत्राने प्रभूला नाकारल्याची कहाणी ऐकून एक विधवा रडते. दुसऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचू शकते, हा विश्वास त्यांनी सोडला नव्हता. त्यांची नाटके मात्र ते न पोहोचल्याची आहेत.

१९०४ च्या जानेवारीत रंगमंचावर आलेल्या ‘चेरी ऑर्चर्ड’मध्ये बागेचा लिलाव होतो. ज्याचे बाप-आजे त्याच जमिनीवर भूदास होते, तो लोपाखिन ती विकत घेतो. सारे निरोप घेऊन निघून जातात आणि बंद घरात सत्त्याऐंशी वर्षांचा आजारी नोकर फिर्स तेवढा राहतो. त्याला इस्पितळात पाठविले का, याची चौकशी झालेली असते. कोणीतरी पाठविले असेल, असे प्रत्येकजण धरून चालतो. येथे दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाला स्वतःचे दुःख पुरून उरले आहे, इतकेच.

‘वाडा चिरेबंदी’त तात्याजींचे निधन झाले आहे. गावजेवण घालून घराण्याचा मान राखावा, असे थोरल्या भास्करला वाटते. मुंबईहून आलेल्या सुधीरला तो खर्च पटत नाही. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. या वादाच्या आड प्रभाचे शिक्षण कधीच खुंटले आहे, चंदू मुकाट्याने घरची कामे ओढतो आहे आणि म्हातारी दादी वेळ विचारीत राहते. एलकुंचवारांनी एका फिर्सऐवजी घरभर फिर्स पेरले आहेत.

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. चेकॉव्ह यांची माणसे बाग गमावून निदान मोकळी होतात. धरणगावचा वाडा सुटत नाही; त्याची प्रतिष्ठा राखताना आतली माणसे झिजतात. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढील भागांत ही कथा दुसऱ्या पिढीपर्यंत आणि दुष्काळाने ओस पडलेल्या गावापर्यंत जाते. ‘युगान्त’ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

एक उणीव मात्र जाणवते. ‘चेरी ऑर्चर्ड’ ही सुखात्मिका आहे, असा चेकॉव्ह यांचा आग्रह होता. दिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांना तीत शोकच दिसला. चेकॉव्ह यांचे ते खट्याळ, क्षमाशील हसू वाड्याच्या जड भिंतींआड फारसे ऐकू येत नाही. उलट बहिणी-सुनांच्या मनातील कोंडमारा मात्र एलकुंचवार विलक्षण जवळून टिपतात.

क्षयाने चेकॉव्ह १९०४ च्या जुलैत, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. ही दोन्ही नाटके घरी एकत्र बसून, पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचावीत. दादीचा तोच तोच प्रश्न आणि फिर्सची पुटपुट वाचणाऱ्याच्या वाट्याला शब्द थोडेच येतील. पण इतरांचे बोलणे चालू असताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जाते, हे त्या वाचनातच उमगेल.