विद्या घेणारे आणि विद्या देणारे

किशोरवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतकादंबरीत, म्हणजे मंत्र आणि अमानुष शक्ती यांचे नियम जिच्या जगात वास्तवाइतकेच पक्के असतात अशा कादंबरीत, जादूची शाळा आता इतकी रुळली आहे की वसतिगृहांची वाटणी, वार्षिक सामने आणि एखादा कपटी अध्यापक हा सारा सरंजाम वाचकाला पहिले प्रकरण उघडण्याआधीच ठाऊक असतो. नायक खंडामागून खंड शिकतच राहतो आणि शिकलेल्याचे पुढे काय करायचे हा प्रश्न शेवटच्या युद्धावर ढकलला जातो. नेओमी नोविक यांनी २०२० मध्ये शिक्षकच नसलेली शाळा कल्पून या साच्याला निदान धक्का दिला. उरलेल्या अनुकरणांची दखल घेण्याचे कारण नाही.

साचा खऱ्या अर्थाने मोडतो तो शिकणारे पोर स्वतः शिकवू लागते तेव्हा. २००३ साली आलेल्या पाचव्या भागात पंधरा वर्षांचा हॅरी पॉटर, शाळेने केवळ पुस्तकी करून टाकलेली संरक्षणविद्या सवंगड्यांना चोरून शिकवतो, आणि त्या जाडजूड ग्रंथातील सर्वांत जिवंत पाने तीच आहेत. रिक रायर्डन यांच्या २०११ मधील कादंबरीत कार्टर आणि सेडी ही भावंडे स्वतः अर्धवट शिकलेली असताना ब्रुकलिनमधील एका वाड्यात इतर मुलांना प्राचीन इजिप्तची मंत्रविद्या शिकवतात. रायर्डन यांची विनोदाची हौस अनेकदा अनावर होते, तरीही शिकवणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या जिवावर येते ही जाणीव त्यांच्या लेखनात आहे. विद्या कोणाला द्यावी, कोणत्या अटीवर द्यावी आणि ती देणाऱ्याला काय गमवावे लागते, हे प्रश्न शिकवणाऱ्या मुलाच्या कथेतच उभे राहतात.

बहरीनमध्ये हे प्रश्न गाण्यातून ऐकू येतात. मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्या जहाजांवर नहाम, म्हणजे कामाला ताल देणारा मुख्य गायक, असे, आणि या खलाशी परंपरेतून घडलेल्या फिजिरी या गानप्रकाराचा युनेस्कोने २०२१ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. या गाण्याच्या जन्माची दंतकथा अबू सुब्ह मशिदीशी जोडलेली आहे. तेथे काही माणसांना जिन्नांचे गाणे ऐकू आले, गुपित फोडल्यास मरण येईल या अटीवर जिन्नांनी ते त्यांना शिकवले, आणि पुढे मृत्यू जवळ आल्यावर अखेरच्या जाणकाराने ते इतरांना देऊन टाकले, अशा आशयाची ही कथा आहे. देणे आणि मरणे यांची अशी सांगड परदेशी जादूशाळांच्या ढिगात क्वचितच सापडेल. मनामा आणि मुहर्रक येथे वाढणारे मराठी मूल मात्र ही कथा घडली त्या भूमीवर बसून स्कॉटलंडमधल्या किल्ल्याची वर्णने वाचते.

त्या मुलाच्या हाती मराठीने काय ठेवले, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. शुक्राचार्यांच्या पोटात राहून संजीवनी शिकलेल्या कचाला ती विद्या तुला फळणार नाही असा शाप देवयानी देते, तेव्हा आपण ज्याला शिकवू त्याला ती फळेल असे तो उत्तर देतो. स्वतः जादू करू न शकणारा आणि तरीही ती शिकवू शकणारा हा तरुण कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असा नायक आहे. खाडिलकरांनी १९१३ च्या ‘संगीत विद्याहरण’ मध्ये ही कथा रंगभूमीवर आणली, पण किशोरांच्या वाट्याला तिचा बहुधा सारांशच आला. मालू कवीच्या १८१९ मधील ‘नवनाथ भक्तिसारा’त बाल गोरक्ष मंत्र घोकत असतो, खेळगडी चिखलाच्या गाडीसाठी गाडीवान मागतात, तोंडात मंत्र आणि हातात चिखल असल्यामुळे बाहुले जिवंत होते आणि पोरे भूत समजून पळतात. त्या बाहुल्याचा गहिनीनाथ होतो, गहिनीनाथ निवृत्तीला उपदेश करतो, निवृत्ती धाकट्या ज्ञानेश्वराला, आणि वाघावर बसून आलेल्या, चौदाशे वर्षे जगल्याची ख्याती असलेल्या चांगदेवाची गुरू होते ती लहानगी मुक्ताबाई.

यावर ठरलेला आक्षेप असा की अशा कथांनी अंधश्रद्धा वाढते, आणि ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तेथे मंत्रांच्या कादंबऱ्या लिहिणे म्हणजे घड्याळ मागे फिरवणे होय. हा आक्षेप उथळ आहे. बुवाबाजी टिकते ती विद्या गुप्त आणि गुरू अबाधित राहिल्यामुळे, तर मुक्ताबाईच्या कथेत सिद्धीचा सारा डामडौल एका मुलीपुढे निरुपयोगी ठरतो. असे वाचलेले मूल बाबाच्या पायाशी बसण्याआधी निदान विचार करील. खरी अडचण विवेकाची नसून आळसाची आहे. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने धाडसाची वाट घालून दिली, पण अद्भुताच्या वाटेवर मराठी प्रकाशनाने भाषांतराचा सोपा मार्ग धरला आणि घरचे द्रव्य पोथीत व बोधकथेत कोंडून ठेवले. भाषांतरे हवीतच, पण त्यांच्या जोरावर आपल्याकडे किशोरांचे अद्भुतसाहित्य आहे असे म्हणणे ही फसवणूक आहे. तेव्हा पुढच्या परदेशी मालिकेचे हक्क विकत घेण्यापूर्वी मराठी प्रकाशकांनी चिखलाचे बाहुले हाती धरून भांबावलेल्या गोरक्षावर एक मूळ कादंबरी लिहवून घ्यावी, आणि तिच्या प्रती मुंबई-पुण्याबरोबर मनामालाही पाठवाव्यात.