बीच वृक्षाची वाढ : उंची व उताराची दिशा यांचा पृथक् विचार कितपत ग्राह्य?

युरोपीय बीच वृक्षाच्या वाढीसंबंधीच्या संशोधनात समुद्रसपाटीपासूनची उंची व उताराची दिशा हे दोन घटक पुष्कळदा पृथक् मानून प्रत्येकाचा परिणाम निराळा काढला जातो. ही मांडणी गणिताला सोयीची आहे. परंतु वृक्षाच्या दृष्टीने दोन्ही घटक अप्रत्यक्ष होत. प्रत्यक्ष कारणे म्हणजे उष्णता, जमिनीतील ओल, वाढीच्या हंगामाची लांबी आणि पालवी फुटल्यानंतर येणारी गोठविणारी थंडी.

दक्षिण युरोपातील पर्वतांच्या खालच्या पट्ट्यात उन्हाळ्यातील कोरडेपणा वाढीला मर्यादा घालतो. तेथे उत्तराभिमुख उतार कमी तापतो, ओल टिकते आणि वृक्ष अधिक जोमाने वाढतो. वरच्या सीमेजवळ ओलीपेक्षा उष्णतेची उणीव अधिक जाणवते. म्हणून तेथे दक्षिणाभिमुख उतार अनुकूल ठरू शकतो. अशा वेळी दोन्ही पट्ट्यांतील मोजमापे एकत्र केली, तर परस्परविरुद्ध परिणाम एकमेकांना छेदतात आणि ‘दिशेचा परिणाम आढळत नाही’ असा भ्रामक निष्कर्ष हाती येतो.

गणिती साधनेही या दोषातून मुक्त नाहीत. दिशा अंशांत मोजल्यास १ व ३५९ या लगतच्या दिशा आकड्यांत दूर पडतात. बीअर्स, ड्रेस व वेन्सेल यांनी १९६६ मध्ये कोज्येवर आधारलेले रूपांतर सुचवून ही अडचण दूर केली. मात्र त्याच्या रूढ वापरात ईशान्य दिशा सर्वांत अनुकूल गृहीत धरली जाते, आणि हे गृहीत प्रत्येक उंचीवर टिकेलच असे नाही. स्टेज यांनी १९७६ मध्ये दिशेची सांगड उताराच्या तीव्रतेशी घातली; २००७ मध्ये सालास यांच्यासह त्यांनी उंचीचाही या परस्परक्रियेत समावेश केला. ही दिशा अधिक योग्य होय.

कॅटलोनियातील मॉन्तसेनी पर्वतावरील जंप, हंट व पेन्युएलास यांचा २००६ मधील अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. खालच्या सीमेवरील प्रौढ बीच वृक्षांची वाढ सुमारे १९७५ पासून घटू लागली व २००३ पर्यंत ती पूर्वीच्या तुलनेत ४९ टक्क्यांनी कमी झाली; अधिक उंचीवर अशी घट दिसली नाही. वृद्धिवलयांवर आधारलेला हा पुरावा भक्कम आहे. तथापि, एका सीमेवरील हा आकडा त्याच उंचीच्या सर्व उतारांना लावणे युक्त ठरणार नाही. सावलीच्या, ओलसर घळींतील बीच त्याच समोच्चरेषेवर असूनही तग धरून राहण्याचा संभव असतो.

हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही. एका समोच्चरेषेखालील बीच वाचणार नाही, असे मानून वनव्यवस्थापनाने तेथे अन्य वृक्ष लावले, तर कोरड्या काळात टिकून राहिलेली व पुढील पिढीच्या बीजासाठी मोलाची झाडेच प्रथम नष्ट होतील. म्हणून प्रत्येक उंचीपट्ट्यात परस्परविरुद्ध उतारांवरील, समान वयाची व शक्यतो समान खोलीच्या मातीतील झाडे तुलनेसाठी निवडणे अवश्य आहे. त्यावाचून केवळ उंचीचा म्हणून सांगितलेला परिणाम अंशतः दिशेचा वा मातीचाही असू शकेल.