दाढी, धूर आणि भोर घाट

लोणावळ्यात जून ते सप्टेंबर तिकिटांचा अल्बम उघडायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. हवेतल्या ओलीनं गोंद सुटतो आणि कोरी तिकिटं पानाला कायमची चिकटतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं तशी अमेरिकेची पानं काढली.

इतिहास तिकिटावर सांगावा तर अमेरिकेनं, आणि फसावं तेही अमेरिकेनंच. 1893 ची कोलंबस मालिका सोळा तिकिटांची, एक सेंटपासून पाच डॉलरपर्यंत. एक सेंटवर जमीन दृष्टीस पडते तेव्हा कोलंबस सफाचट. दोन सेंटवर किनाऱ्यावर उतरतो तेव्हा भरघोस दाढी! दोन चित्रकारांची चित्रं उचलल्याचा हा प्रताप. 1898 मधलं वादळात सापडलेल्या गुरांचं एक डॉलरचं तिकीट कोरीव छपाईचा उत्तम नमुना मानलं जातं. चित्र पश्चिम अमेरिकेचं म्हणून छापलं. गुरं मात्र स्कॉटलंडची, चित्रकार जॉन मॅकव्हर्टरही तिथलाच. 1944 च्या रेल्वे तिकिटावर तर इंजिनाचा धूर एकीकडे आणि झेंडा दुसरीकडे फडकतो.

तरी मला ही तिकिटं आवडतात. त्यांवर काहीतरी घडत असतं. चुकायलासुद्धा आधी प्रसंग रंगवावा लागतो.

आपल्याकडे बहुधा चेहरा असतो. 1965 चा लिंकन, 1969 चा मार्टिन ल्यूथर किंग: मुखवटे नेटके, प्रसंग गायब. 1976 मध्ये अमेरिकी क्रांतीच्या द्विशताब्दीचं 2.80 रुपयांचं तिकीट निघालं, त्यावर चित्रकार विलार्डचे ढोल-बासरी वाजवत निघालेले स्वातंत्र्यवीर. हेच चित्र अमेरिकेनं त्याच वर्षीच्या जानेवारीत वापरलं होतं. आपण मेमध्ये उसनं घेतलं. तेव्हा इथं आणीबाणी होती, हा विनोद मात्र अस्सल देशी.

कारागिरी कमी होती असं नव्हे. नाशिकच्या मुद्रणालयातून 1952 मध्ये निघालेली संतकवींची मालिका छायेच्या मऊपणासाठी आजही भिंगाखाली धरावी. (कबीर, तुलसी, मीरा, सूरदास, गालिब, टागोर, मराठी एकही नाही. नामदेवांना 1970 उजाडलं.) किल्ल्यांकडे लक्ष गेलं 1984 मध्ये, तेव्हा सिंहगडाला मान मिळाला. त्या मालिकेत आमच्या शेजारचा लोहगड नव्हता.

मला खटकते ती भोर घाटाची गैरहजेरी. अमेरिकेची खंडपार रेल्वे जुळली 1869 मध्ये. आमच्या घाटातून गाडी 1863 मध्येच चढली. बोगदे पंचवीस, चढ 1,831 फूट. 1859 मध्ये आलेला कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वर्ष संपण्याआधीच दगावला आणि कंत्राट त्याची बायको अ‍ॅलिस हिनं तडीस नेलं. साथींनी आणि अपघातांनी हजारो मजूर गेले. 1953 च्या रेल्वे शताब्दी तिकिटावर आहेत दोन इंजिनं, एक 1853 चं, एक 1953 चं. दोन्ही सपाटीवरची वाटतात.

खरं तर घाटाचं तिकीट काढणं सोपं नाही. खंडाळ्याजवळच्या जुन्या उलटस्थानकात गाडी थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं चढायची. एका चौकटीत हे मावणार कसं? जोडतिकीट काढावं. डावीकडच्या तिकिटात गाडी वर येते, उजवीकडच्यात पुन्हा वर निघते, आणि थांबते ती मधल्या दातेरी रेघेवर.