पाच मिलिसेकंदांचा तक्ता

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जुळू लागल्या, पुढे तिथंच ऑडीही. ऑडी ए६ च्या २०११ साली आलेल्या पिढीत फ्लेक्सरे बस, म्हणजे गाडीतल्या संगणकांना एकमेकांशी जोडणारी निरोपांची वाट, होती. तिचं वेळापत्रक काही शेंद्र्यात आखलेलं नव्हतं, ते गाडीबरोबर आयतं आलं. पण नेटवर्क डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये असं वेळापत्रक उघडून सावकाश वाचावं, इतकं ते देखणं असतं.

आडवे स्लॉट, म्हणजे बोलण्यासाठी ठरलेले वेळेचे तुकडे; उभ्या ० ते ६३ फेऱ्या. फेरी ५ मिलिसेकंदांची धरली तर अख्खा तक्ता ३२० मिलिसेकंदांत संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. कॅन या दुसऱ्या प्रकारच्या बसवर दोघं एकदम बोलू लागले की ज्याचा निरोप महत्त्वाचा तो पुढे जातो. इथं कोण कधी बोलणार हे गाडी सुरू होण्याआधीच ठरलेलं. पाटपाण्याची शेजपाळी आठवते खरी, पण शेजपाळीत शेत भिजेपर्यंत पाणी थांबतं. फ्लेक्सरेत वेळ संपली की संपली.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे एकच स्लॉट चार निरोपांत वाटणं. प्रत्येक निरोपाला दोन आकडे: मूळ फेरी आणि पुनरावृत्ती. पहिल्याला ० आणि २ दिले की सगळ्या सम फेऱ्या त्याच्या. दुसऱ्याला १ आणि ४, म्हणजे १, ५, ९ अशा. उरलेल्यांना ३ आणि ८, ७ आणि ८. तपासून पाहा, एकही फेरी दोघांना जात नाही, एकही रिकामी राहत नाही. फ्लेक्सरेच्या २.१ आवृत्तीत पुनरावृत्ती १, २, ४ अशी दुपटीनंच ६४ पर्यंत जाते, म्हणून हे जमतं. तीन चालले असते तर ६४ ला भाग गेला नसता आणि सगळी वीण उसवली असती.

घड्याळांची गोष्टही अशीच. कुणाचंच घड्याळ प्रमाण नाही. ठरावीक फ्रेम, म्हणजे बसवरचे निरोप, अपेक्षेपेक्षा किती लवकर किंवा उशिरा आल्या ते प्रत्येक ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा नियंत्रक संगणक, मोजतो. मोजमापं तीन ते सात असली तर सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान सोडून देतो, उरलेल्यांतल्या दोन टोकांचा मध्य घेतो. त्यामुळे एखादं घड्याळ बहकलं तरी बाकीच्यांना ओढून नेत नाही. दुरुस्ती दर दुसऱ्या फेरीच्या शेवटी, बस गप्प असते तेवढ्यात.

शिस्त इतकी की सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी ईसीयू आपल्या स्लॉटमध्ये रिकामी फ्रेम पाठवतोच. फेरीच्या उत्तरार्धातला डायनॅमिक भाग मात्र मोकळा असतो. तिथं लहान क्रमांकाच्या निरोपाला आधी संधी, जागा न उरल्यास मागच्यानं पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. उपयोगी आहे, पण त्यात रस कमी.

नव्या गाड्यांत इथरनेट आलं, आणि त्याच्या ८०२.१ क्यूबीव्ही मानकातही वेळेनुसार उघडझाप करणारी दारं आहेतच. म्हणजे तक्ते राहणारच, पण भरगच्च तक्त्यावर माझा विश्वास नाही. चांगला डिझायनर काही स्लॉट मुद्दाम मोकळे सोडतो, कारण पुढच्या मॉडेलात एखादा ईसीयू वाढला आणि तक्त्यात जागाच नसली, तर बसवरच्या प्रत्येक ईसीयूची मांडणी नव्यानं करावी लागते.