तटबंदीचा वाडा आणि आंब्यांची करंडी

मुंबईच्या कोट भागात, नौदलाच्या आवारात ‘बॉम्बे कॅसल’चे अवशेष आहेत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा दगडी वाडा हे त्या किल्ल्याचे मूळ, असे परंपरा मानते. १५३४ च्या तहाने हे बेट पोर्तुगिजांकडे आले. १५५४ च्या सुमारास राजाने ते ओर्ताला खंडाने दिले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला, तो याच वाड्यात. तेव्हा येथील संरक्षण म्हणजे चार पितळी तोफा! इतिहासाची पुस्तके बहुधा येथेच थांबतात.

आम्हांस वाटते, वाडा समजून घ्यायचा तर त्याच्या धन्याचा ग्रंथही उघडला पाहिजे. भारतीय वनौषधींवरील ओर्ताचे संवाद १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. त्यांत रुआनो नावाचा कल्पित वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. प्राचीन ग्रीक आचार्यांच्या शब्दापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर तो अधिक विश्वास ठेवतो. हिंदू वैद्य व मुसलमान हकीम यांचे अनुभव आदराने नोंदवतो. एका संवादात मुंबईचे कूळ आंब्यांची करंडी घेऊन दाराशी येते, आणि शास्त्रचर्चेत एकाएकी घराचा सुगंध दरवळतो. तटबंदीच्या धन्याने लिहिलेल्या या ग्रंथाची दारे मात्र सताड उघडी आहेत.

तरीही एक उणीव आम्हांला सलते. अँटोनिया ही दासी हाकेसरशी औषधी आणून देते. तिला स्वतःचे असे बोलणे जवळजवळ नाहीच. ज्यांच्या श्रमांतून खंड भरला जाई, त्या बेटकरांचा आवाजही येथे ऐकू येत नाही.

ओर्ता ज्यू कुळातील नवख्रिस्ती. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्यात धर्मन्यायसभेच्या निर्णयाने जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याच्याही अस्थी उकरून जाळल्या गेल्या. हे कृत्य आपल्याच धर्मसभेच्या नावाने झाले. पोर्तुगीज वारशाचा अभिमान मिरवताना आपण हे पान मिटून ठेवावे काय?

वाड्याचे दगड उरले, अस्थींची राख झाली. तरी आंब्यांची ती करंडी ग्रंथात अजून ताजी आहे. आपल्या मुलांना तटाची जाडी सांगताना त्या राखेचीही गोष्ट सांगावी, एवढीच आमची विनंती.